वाचक विचारतात : "गेली का हो बस?"

प्रश्न : आमच्या भागात बस आहे, तिकीटही परवडण्यासारखं आहे, तरी बऱ्याच गाड्या अर्ध्या रिकाम्या जातात आणि रस्ता मात्र खाजगी गाड्यांनी तुंबलेला. आम्ही रहिवासी मिळून निवेदन देणार आहोत. गटातले बरेच जण म्हणतात की बस फुकट करा म्हणजे लोक आपोआप येतील. मला ते पटत नाहीये, पण उत्तरही देता येत नाही. आधी काय मागू?

उत्तर : ताई, तुमची शंका बरोबर आहे. फुकटपासून सुरुवात करू नका. एस्टोनियाच्या तालिन शहराने 2013 मध्ये रहिवाशांसाठी बस-ट्राम फुकट केली, प्रवासी वाढलेही, पण नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की नवीन आलेल्यांत आधी चालत जाणारे खूप होते, गाडी घरी ठेवून आलेले त्यामानाने कमी. ज्याला तिकीट जड जातं त्याला सवलत मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वादच नाही. पण गाडीवाला माणूस तिकिटामुळे अडलेला नसतो हो, तो अडलेला असतो स्टॉपवर.

एकदा स्टॉपवर उभं राहून नुसतं लोकांकडे बघा. पहिली पाच मिनिटं माणूस निवांत असतो, मग मान लांब करून रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागतो, मग मोबाईल काढतो, परत ठेवतो, मग शेजारच्याला विचारतो "गेली का हो बस?", आणि शेजारच्यालाही माहीत नसतं. असं चार वेळा झालं की पाचव्यांदा तो हप्त्यावर का होईना टू-व्हीलर घेतो, आणि एकदा घेतली की मग बस फुकट करा नाहीतर सोन्याची करा, तो परत येत नाही. वाहतुकीचा हिशेब करणारे लोकसुद्धा वाट बघण्याचं एक मिनिट हे गाडीत बसलेल्या साधारण दोन मिनिटांइतकं जड धरतात.

म्हणून पहिली मागणी फेऱ्यांची. दर 40 मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक बघून न येणाऱ्याला सरासरी 20 मिनिटं थांबावं लागतं, दर 10 मिनिटांनी असेल तर 5, आणि तेही गाड्या वेळेवर असतील तरच. दहा मिनिटांवर आलं की माणूस वेळापत्रक बघायचंच सोडतो, घरातून निघतो आणि स्टॉपवर जातो, बस. याचं उलटं चक्र मात्र फार वाईट. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी कमी, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं बघा, लोकांना बस नकोच आहे.

पैसे कुठून आणायचे असं विचारतीलच. तेव्हा अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं उदाहरण द्या. तिथे ऑगस्ट 2015 मध्ये सगळ्या शहराचं बसचं जाळं एका रात्रीत बदललं, वळणावळणाचे आणि एकमेकांवर चढलेले मार्ग सरळ केले आणि वाचलेल्या गाड्या मुख्य मार्गांवर लावल्या, तेही आठवड्याचे सातही दिवस. शनिवार-रविवारचे प्रवासी तर लगेच वाढले. पण यात काही जणांचा स्टॉप लांब जातो आणि वयस्कर माणसांना ते खरंच त्रासाचं होतं, हे निवेदनात लपवू नका. त्यांच्यासाठी वेगळी छोटी गाडी मागा, पण मुख्य मार्ग गल्लीबोळातून फिरवायला सांगू नका.

प्रश्न : अर्धा तास एकही बस नाही आणि मग तीन एकदम. ड्रायव्हर मुद्दाम करतात का?

उत्तर : नाही हो. पहिली बस जरा उशिरा आली की पुढच्या स्टॉपवर जास्त लोक जमलेले असतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, आणि तिच्या मागच्या बसला माणसंच उरत नाहीत म्हणून ती भराभर येऊन हिला गाठते. याला उपाय म्हणजे चढण्याचा वेळ कमी करणे. सगळ्या दारांतून चढू द्या, तिकीट गाडीबाहेरच काढू द्या. ब्राझीलमधल्या कुरितिबाने 1991 पासून स्टॉपच नळीसारखे बांधले, आधी पैसे भरायचे, मग बसच्या पातळीवरून सरळ आत जायचं, पायरीच नाही.

आणि सिग्नल. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या लोकांनी 1973 मध्ये भुयारी रेल्वेचा बेत मतदानाने नाकारला आणि 1977 मध्ये त्याऐवजी ट्राम-बसला रस्त्यावर प्राधान्य द्यायला पैसे मंजूर केले. म्हणजे ट्राम आली की सिग्नल तिच्यासाठी हिरवा. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण मेट्रोची वाट बघत वीस वर्षं घालवण्यापेक्षा रंगाचा डबा घेऊन एक लेन बसला आखून देणं आजही शक्य आहे.

प्रश्न : गाडीवाल्यांना त्रास दिल्याशिवाय लोक बसमध्ये येणारच नाहीत का?

उत्तर : थोडे येतील. स्वीडनमधल्या स्टॉकहोमने ऑगस्ट 2005 मध्ये आधी जादा बस सुरू केल्या, तेवढ्याने रस्त्यावरच्या गाड्या फारशा हटल्या नाहीत. जानेवारी 2006 पासून शहराच्या मध्यभागी यायला शुल्क लावलं आणि त्या मध्यभागाची हद्द ओलांडणारी वाहनं साधारण 20 टक्क्यांनी कमी झाली. लंडननेही फेब्रुवारी 2003 मध्ये शुल्क लावलं त्याच दिवशी सुमारे 300 जादा बस रस्त्यावर आणल्या. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाने 2012 मध्ये बस-ट्रामचा वार्षिक पास 365 युरोला दिला हे सगळे सांगतात, पण त्याच वर्षी तिथे पार्किंगही महाग झालं ते कोणी सांगत नाही. मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी बस, मग शुल्क. उलट केलंत तर ज्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही तो माणूस भरडला जातो.

शेवटच्या बसचंही विसरू नका. रात्री नऊला परतीची बस नसेल तर माणूस सकाळचीही बस पकडत नाही, आणि बायकांच्या बाबतीत तर स्टॉपवर दिवा आहे की नाही यावरच सगळं ठरतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये 1996 पासून रात्री बायकांना दोन स्टॉपच्या मधेही उतरता येतं, याला काही खर्च नाही, हे उद्यापासून मागता येईल.

निवेदनाच्या आधी एक काम करा. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी आठवडाभर एकाच स्टॉपवर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचं, प्रत्येक बस किती वाजता आली आणि किती जण वाट बघून निघून गेले ते वहीत लिहायचं. ती पानं निवेदनाला जोडा, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.