कानाला हात लावला की गुरगुरतो : पूडल संकराच्या कुत्र्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा लॅब्राडूडल (लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर) 13 महिन्यांचा आहे. पिल्लू असताना कोणीही उचलून घ्यावं इतका गरीब होता. आता दोन महिन्यांपासून कानाला, बगलेला हात लागला की गुरगुरतो. परवा फणी फिरवताना मुलीच्या हाताला दात लावले. सासूबाई म्हणतात, कुत्रं बिघडलं, कोणाला तरी देऊन टाका. – एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, आधी मुलीचं पाहा. दात लागून कातडी सोलली असेल आणि अजून दाखवलं नसेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवा आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली असली तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

आता कुत्र्याकडे. कान, बगल, मांडीचा सांधा आणि पट्ट्याखालची मान याच जागी हात नको असेल, तर दोष बहुधा स्वभावाचा नसतो, केसांचा असतो. पूडलसारख्या कुरळ्या केसांत गळलेला केस खाली पडत नाही, शेजारच्या केसांत अडकून राहतो. त्यात लॅब्राडॉरची आतली मऊ लव मिसळली की गुठळ्या होतात. साधारण 8 ते 14 महिन्यांत पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे केस येतात, तेव्हा हा गुंता सर्वांत जास्त. वरून कुत्रा छान फुललेला दिसतो आणि आत कातडीला लागून घोंगडीसारखा थर बसलेला असतो. कानाला हात लावला की तो सगळा थर कातडी ओढतो. गुरगुरला म्हणून मारू नका. मार खाऊन गुरगुरणं सोडलेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

खात्री अशी करा. स्टीलची फणी कानामागे कातडीला टेकवून अलगद बाहेर ओढा. ब्रश नुसता वरवर फिरतो, त्याने काही कळत नाही. फणी अडकली म्हणजे गुठळी आहे. चिंचोक्याएवढी असेल तर थोडं कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी फाकवा, मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीपर्यंत जाणार नाही, आणि टोकाकडून सुरुवात करून फणीने सोडवत मुळाकडे या. यापेक्षा मोठ्या गुठळीला कात्री लावू नका. गुठळीत कातडी वर ओढलेली असते, बगलेतली तर फारच पातळ, आणि केसांसोबत तीही कापली जाते. तिथे क्लिपरच (केस कापायचं यंत्र) हवा, 10 नंबरच्या पात्याचा, गुठळीच्या खालून चालवलेला. कुत्रा हात लावू देत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून गुंगी देऊनच हे काम करून घ्या. घरी चौघांनी दाबून धरलं तर त्याला फणी दिसताच धाक बसेल.

गुंता निघाला की एक दिवसाआड 15-20 मिनिटं विंचरायचं. एका हाताने केस वर धरा, खालून एक ओळ सोडा, ती कातडीपासून टोकापर्यंत विंचरा, मग पुढची ओळ. आंघोळ नेहमी विंचरल्यानंतर. गुठळी भिजली की आवळते, आत ओल राहते आणि कातडी सडते. आंघोळीनंतरही केस मुळापर्यंत कोरडे झाले पाहिजेत. पहिले काही दिवस मोठ्या माणसानेच विंचरावं. कानाला स्पर्श, लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा, फणीचा एक हात, पुन्हा तुकडा, आणि दोन मिनिटांत थांबायचं. मुलीने तोवर फक्त खाऊ द्यावा.

केस साफ होऊनही गुरगुरत असेल तर कान आतून तपासून घ्या. उठताना मागचे पाय ओढत असेल तर खुब्याचा एक्स-रेही काढा. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष लॅब्राडॉर आणि पूडल दोघांतही आढळतो.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. कॉकापूचे (कॉकर स्पॅनियल आणि पूडलचा संकर) केस पूर्ण भादरून टाकले तर चालेल का? – यवतमाळ जिल्हा

उत्तर : पूर्ण नको. उघड्या कातडीला ऊन भाजतं. अंगावर दीड-दोन सेंटिमीटर केस ठेवा, पोटावरचे मात्र बारीक करा, म्हणजे गार फरशीवर पसरला की अंगातली उष्णता निघून जाते. फिरायला सूर्य वर यायच्या आधी आणि रात्री रस्ता निवल्यावर.

कूलरच्या बाबतीत मोठी चूक होते. खोली बंद करून कूलर लावतात. कुत्रा धापा टाकून, जिभेवरचं आणि तोंडातलं पाणी वाफेने उडवून अंग थंड करतो. हवा दमट झाली की ते पाणी उडत नाही. समोरची खिडकी उघडी ठेवा.

घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणं ही ऊन लागल्याची लक्षणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून 104 च्या वर निघालं तर तिथेच अंगावर साधं पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. 103 ला आलं की पाणी थांबवा आणि दवाखाना गाठा. कुत्रा उठून चालू लागला तरी न्याच, कारण किडनीला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसते. ताप उतरवायला पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका.

प्रश्न : घरात दम्याचा पेशंट आहे. पूडल संकराची ॲलर्जी होत नाही, असं विकणारा सांगतो. – भंडारा

उत्तर : चुकीचं सांगतो. केस कमी गळतात एवढंच खरं. ॲलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. शिवाय संकरात कोणत्या पिल्लाचे केस कसे निघतील हे सांगता येत नाही. त्याच पिल्लासोबत पेशंटला दोन-तीनदा तास-तासभर बसवून पाहा, मग डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : दिवाळीनंतर कुत्रा वावरात जाऊन आला की डोकं झटकतो, मान एका बाजूला वाकडी धरतो. – वाशीम जिल्हा

उत्तर : अचानक सुरू झालं असेल तर कानात कुसळ गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. कुसळाचे काटे उलटे असतात, ते फक्त पुढे सरकतं. तेल घालू नका, काडी घालू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडून काढून घ्या. कानाच्या पडद्याला भोक पडू शकतं. कुसळी गवत वाळण्याआधीच कानाच्या आतल्या बाजूचे आणि बोटांमधले केस बारीक करा. वावरातून आल्यावर बोटं फाकवून पाहा. बोटांच्या बेचक्यात फोड आणि त्यातून पाणी येत असेल तर आत कुसळ समजा. त्याच वेळी गोचीडही शोधा.

पऱ्हाटीवर फवारणी झालेल्या वावरात मात्र त्याला नेऊच नका. केसांना लागलेलं औषध तो चाटून पोटात घेतो. तोंडाला फेस, अंगाला थरथर आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या तर हातमोजे घालून साबणाने अंग धुवा आणि कुत्र्यासोबत औषधाचा डबाही दवाखान्यात न्या. त्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.