शाळा सुटल्यानंतरच्या उपक्रमांमुळे मुले गुन्ह्यांपासून खरोखरच दूर राहतात का?

शाळेनंतरच्या खेळ-अभ्यासाच्या वर्गांमुळे बालगुन्हेगारीला आळा बसतो, की हे केवळ मनाचे समाधान आहे, असे आपण विचारले आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत मी नऊ वर्षे अभ्यासिका चालवली. त्या अनुभवावरून सांगतो, की आळा बसतो. मात्र कोणत्याही वर्गाने बसतो असे नाही.

पहिला मुद्दा वेळेचा. अमेरिकेत शाळेच्या दिवशी अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे सर्वाधिक घडतात ते शाळा सुटल्यानंतरच्या, म्हणजे दुपारी तीनच्या पुढच्या तासांत. आमच्याकडे सकाळच्या सत्राची शाळा साडेबाराला सुटे, धुण्याभांड्याची कामे आटोपून आई पाचला घरी येई आणि बिगारीवर गेलेले वडील आठच्या पुढे. तरीही पहिले वर्षभर आम्ही समाजमंदिराचे कुलूप सायंकाळी सहाला उघडत होतो! पुढच्या वर्षी वेळ दीडची केली, मटकीची उसळ सुरू केली आणि नालाकाठच्या टपरीवर बसणारी काही मुले प्रथमच सतरंजीवर दिसू लागली.

पण नुसता वेळ भरून भागत नाही. लॉस एंजेलिसमध्ये 1988 पासून प्राथमिक शाळांत चालणाऱ्या अशा उपक्रमाचा तेथील विद्यापीठाने अभ्यास केला, तेव्हा नियमित येणाऱ्या आणि तिथल्या कार्यकर्त्यांशी जवळीक जुळलेल्या मुलांमध्ये पुढे गुन्ह्यांचे प्रमाण कमी आढळले. म्हणून हजेरी ही माझ्या मते या कामातली सर्वांत महत्त्वाची वही. सातवीतला एक मुलगा सलग दोन दिवस आला नाही, तेव्हा आमच्या ताई त्याच्या घरी गेल्या. वस्तीतला एक 'भाई' त्याला कोयता हातात देऊन रील काढायला नेत होता. ताईंनी उपदेश केला नाही. कॅरमच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे सोपवली. किल्ली त्याच्याकडे असल्यामुळे तो आला नाही की खेळ अडे आणि इतर मुलेच त्याला शोधत घरी जात. पुढे त्याच टोळक्यातील दोघांना गाड्यांच्या तोडफोडीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळापुढे उभे करण्यात आले. हा मात्र त्यांच्यात नव्हता. केवळ किल्लीने हे घडले, असा माझा दावा नाही.

उलट परिणामही होऊ शकतो, हे फारसे कोणी बोलत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोगात मुलांना समुपदेशन, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे मिळाली. 1978 मध्ये गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी जाहीर केलेल्या पाहणीत मात्र ही मदत मिळालेल्या मुलांची स्थिती, न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईट आढळली. शिबिरांना पुन्हा पुन्हा गेलेल्यांचे नुकसान अधिक होते, असे नंतरच्या विश्लेषणात दिसले. वाह्यात मुले एकत्र आली, की एकमेकांच्या पराक्रमांना दाद देतात, हे त्यामागचे एक स्पष्टीकरण.

त्यामुळे केवळ 'बिघडलेल्या' मुलांसाठी वेगळा वर्ग काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही सर्वांची नावे पाचवीपासूनच घेत असू, कारण आठवीनंतर प्रथमच आलेली मुले आमच्याकडे क्वचितच टिकली.