टॅबच्या होम स्क्रीनवरून काढलेले आयकॉन आणि 'सुचवलेली ॲप्स' परत परत येतात. मीच काहीतरी दाबतोय का?

नाही. तुम्ही काही दाबत नाही आहात.

तुम्ही लिहिलंय की खालच्या पट्टीत न मागितलेली ॲप्स येऊन बसतात, काढली तर दुसऱ्या दिवशी तिथे दुसरीच असतात, आणि घरातले म्हणतात, 'तुमचंच बोट कुठेतरी लागत असणार.' पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर चार ओळींत देऊन मी पुढे गेले असते. तिसरी वाचली आणि बसले लिहायला. हेच वाक्य माझ्या बाबांनी सात महिने ऐकलं आणि शेवटी टॅबला हात लावणंच सोडलं.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डीजनरेशन आहे. यात नजरेच्या कडा शाबूत राहतात, मधला भाग जातो. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसट होतं. आयकॉनवर काय चित्र आहे ते त्यांना कळत नाही. रंगाचा एक ठिपका आणि त्याची जागा, एवढ्यावर त्यांचं काम चालतं. मी टॅब लावून दिला तेव्हा आम्ही आठवडाभर रोज सराव केला होता. डावा अंगठा टॅबच्या कडेला टेकवायचा, उजवं बोट खालच्या कोपऱ्यातून आत आणायचं. पहिला व्हिडिओ कॉल, दुसरा गाणी, तिसरा मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पुस्तकांचा. आठव्या दिवशी त्यांनी मान जराशी बाजूला वळवून, जवळजवळ न बघता, नातीला कॉल लावला. त्यानंतर रोज संध्याकाळी सात वाजता तो कॉल ठरलेला.

मग दादा चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेला आणि जाण्याच्या आदल्या रात्री त्याने टॅब अपडेट करून दिला. दुसऱ्या संध्याकाळी बाबांचा त्याला फोन: 'अरे, कोपऱ्यातलं पहिलं चित्र फोनचं नाही राहिलं.'

'बाबा, तुम्ही आयकॉन दाबून धरला असणार. मग तो उचलला जातो.'

'मी नाही धरला.'

'मग आपोआप कसा हलेल?'

दादा सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या घरात यंत्राच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने सांगितलं म्हणून आईनेही तेच म्हणायला सुरुवात केली आणि एकदा फोनवर मीही म्हणाले, 'बाबा, बोट जरा हलकं ठेवा.' ते मला आजही बोचतं. कारण त्यानंतर बाबांनी तक्रार करणं बंद केलं. सातचा कॉल आधी आठवड्यातून तीनदा, मग एकदा, मग आईच्या फोनवरून व्हायला लागला. आई म्हणाली, 'कंटाळले असतील.'

सुट्टीत गेले तेव्हा टॅब कपाटात होता, बंद. त्याच्याखाली एक वही. बाबा जाड काळ्या स्केचपेनने लिहितात, एका पानावर जेमतेम सहा ओळी मावतात. पहिल्या पानावर दादाने अपडेट केलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. खाली: 'सकाळी ९. कोपऱ्यातून पहिले: बातम्या. सायं. ७. कोपऱ्यातून पहिले: गाणी. मी हात लावलेला नाही.' पुढचं पान: 'सकाळी ९: बातम्या. सायं. ७: हवामान. मी हात लावलेला नाही.' अशी एकोणीस पानं. आईला नाव वाचायला सांगून हा माणूस रोज दोनदा नोंद करत होता. प्रत्येक पानावर शेवटची ओळ तीच.

मी टॅब चार्ज केला, टेबलावर ठेवला आणि दिवसभर नुसता बघितला. सकाळी बातम्या. दुपारी एक गेम, जो बाबांनी जन्मात उघडला नव्हता. संध्याकाळी गाणी. जवळ जाऊन पाहिलं तर खालच्या ओळीतल्या काही आयकॉनभोवती एक बारीक रंगीत कडं होतं. बाबांना ते दिसणं शक्यच नाही. आईनेही कधी पाहिलं नव्हतं. ज्याच्याभोवती ते कडं, तो आयकॉन तुम्ही ठेवलेला नाही; टॅबने अंदाज बांधून तिथे आणलेला आहे. कुठल्या वेळी काय उघडलं जातं हे बघून टॅब तो आयकॉन बदलत राहतो. म्हणून काढला तरी दुसरा येतो. तुम्ही आयकॉन काढताय, पण तिथे आयकॉन आणणारी सोय चालूच आहे. ती बंद करायची.

आता तुमचं काम. कुठला टॅब ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सगळंच सांगते.

गूगलच्या पिक्सेल टॅबवर: होम स्क्रीनवर मोकळ्या जागी बोट दाबून धरा, 'होम सेटिंग्ज', त्यात 'सजेशन्स', आणि 'सजेशन्स ऑन होम स्क्रीन' बंद. शेजारीच सगळ्या ॲप्सच्या यादीतल्या सजेशन्सचं बटण आहे, तेही बंद करा. हाच प्रकार पिक्सेल फोनवर २०२० मध्ये अँड्रॉइड ११ सोबत खालच्या ओळीत आला. त्याआधी तो ॲप्सच्या यादीत वरच्या बाजूला असायचा, तिथे कुणाला त्रास नव्हता. २०२२ च्या अँड्रॉइड १२एल पासून मोठ्या स्क्रीनला खाली टास्कबार मिळाला, त्यामुळे टॅबवर ही पट्टी दुसऱ्या ॲपमध्ये असतानाही दिसू शकते. सजेशन्स चालूच ठेवायची असतील आणि एखादंच ॲप नको असेल, तर त्या आयकॉनवर दाबून धरलं की 'हे सुचवू नका' असा पर्याय येतो. पण मी म्हणेन बंदच करा.

सॅमसंगवर दोन वेगळ्या जागा आहेत. होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'ॲड न्यू ॲप्स टू होम स्क्रीन' बंद केलं की नवीन ॲपचे आयकॉन आपोआप पानावर चिकटत नाहीत. आणि 'डिस्प्ले'मध्ये 'टास्कबार', तिथे 'शो रीसेंट ॲप्स' बंद. तुम्हाला 'आपोआप आलेलं' वाटतं ते बरेचदा नुकतंच वापरलेलं ॲप असतं. याच होम स्क्रीन सेटिंगमध्ये 'लॉक होम स्क्रीन लेआउट' आहे. आधी सगळं मनासारखं लावा, मग हे कुलूप घाला. वयस्कर माणसाच्या टॅबवर ही एक गोष्ट केली तरी निम्मा त्रास संपतो.

आयपॅडवर डॉकच्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या, उजव्या बाजूला बारीक रेघेपलीकडे जे आयकॉन येतात ती सजेशन्स. २०१७ पासून आहेत. सेटिंग्जमध्ये होम स्क्रीन किंवा मल्टिटास्किंगचं जे पान असेल तिथे 'शो सजेस्टेड अँड रीसेंट ॲप्स इन डॉक' बंद करा. आवृत्तीप्रमाणे पानाचं नाव बदलतं, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डॉक' लिहा, लगेच सापडेल. नवीन ॲप होम स्क्रीनवर न येता थेट ॲप लायब्ररीत, म्हणजे सगळ्या ॲप्सच्या यादीत, जावं असाही पर्याय तिथेच आहे, आयपॅडओएस १५ पासून. सिरीची सजेशन्स मात्र सिरीच्या सेटिंगमधून बंद होतात. आणि होम स्क्रीनवर विजेट्सची (माहिती दाखवणाऱ्या चौकटींची) चवड ठेवली असेल तर ती दाबून धरून 'एडिट स्टॅक'मध्ये जा. 'स्मार्ट रोटेट' आणि 'विजेट सजेशन्स' दोन्ही बंद करा. ते राहिलं की लोक म्हणतात, बंद करूनही येतंच आहे.

काही कंपन्यांच्या टॅबवर फोल्डर उघडला की तुमच्या ॲप्सखाली जाहिरातीतली ॲप्स दिसतात. फोल्डरच्या नावावर टॅप करा, 'प्रमोटेड ॲप्स' असं बटण येतं, ते बंद. कंपनीने आधीच भरून दिलेली जी ॲप्स अनइन्स्टॉल होत नाहीत, ती 'डिसेबल' करा. आयकॉन जातो, काम थांबतं. अँड्रॉइड टॅब कॉम्प्युटरला जोडून एडीबी नावाच्या साधनातून कमांड देऊन ती काढता येतात, पण तीही फक्त तुमच्या यूजरपुरती. मूळ प्रत सिस्टिममध्ये राहते आणि फॅक्टरी रीसेट केलं की परत येते. तेवढ्यासाठी मी तो खटाटोप करणार नाही.

'दुसरा लाँचर (होम स्क्रीन चालवणारं ॲप) टाका' असं कुणीतरी सांगेलच. बाबांसाठी दादानेही तेच सुचवलं. मला पटत नाही. आधीच गोंधळलेल्या माणसाला अख्खं घर बदलून देणं हा उपाय नाही, आणि एक बटण बंद करून काम होत असेल तर कशाला? 'आयकॉन साफ करणारी' ॲप्स तर टाकूच नका. जाहिराती वाढवणाऱ्या गोष्टींत त्यांचा नंबर वरचा आहे.

आता दादा. मी त्याला वहीचे फोटो पाठवले. त्याचं पहिलं उत्तर: 'ही सोय आहे. दोन सेकंद बघायचं आणि मग दाबायचं.' मी विचारलं, बघायचं कशाने? त्यावर तो गप्प झाला. मग मी दुसरी गोष्ट विचारली. ही सजेशन्स पहिल्यांदा सुरू होताना टॅब विचारतो, 'गेट ॲप सजेशन्स?' आणि सांगतोही, की खालच्या ओळीतले आयकॉन वरच्या पानावर हलवले जातील. त्या रात्री अपडेटनंतर टॅब तुझ्याच हातात होता. हो म्हटलंस का? तो म्हणाला, 'म्हटलं असेन, नेहमी म्हणतो.' म्हणजे काहीतरी दाबलं होतं खरं, पण बाबांनी नाही. तो अजून म्हणतो की मुद्दा एवढा मोठा नव्हता. मी म्हणते, त्याने बाबांना फोन करून एवढंच सांगावं, 'ते माझं बोट होतं.' हे लिहीपर्यंत तरी केलेलं नाही.

आणि माझं म्हणणं निव्वळ नजर कमी असलेल्यांपुरतं नाही. आपण सगळेच रोजची वस्तू जागेवरून ओळखतो. अंधारात दिव्याच्या बटणावर हात जातो तो बटण बघून जात नाही. माझ्या वापराचा अंदाज यंत्राने खुशाल बांधावा, एखाद्या वेगळ्या ठिकाणी दाखवावा. ज्या ठिकाणी माझं बोट आधीच निघालेलं आहे तिथली वस्तू बदलू नये. ज्यांना ही सोय वाटते त्यांनी चालू ठेवावी, पण ती आधी बंद असावी आणि ज्याचा टॅब त्याला विचारून सुरू व्हावी.

एक गोष्ट दादाची खरी होती, ती सांगायला हवी. बाबांचं बोट रेंगाळतं. एकोणीसपैकी दोन दिवशी वरच्या पानावरचा आयकॉन खरोखर उचलला गेला असावा, कारण तो परत आलाच नाही. म्हणजे वर मी 'नाही' असं ठाम लिहिलं, ते खालच्या पट्टीबद्दल. तुमचेही पानावरचे आयकॉन सरकत असतील तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टच अँड होल्ड डिले' शोधा आणि तो लांब करा. मग बोट थोडा वेळ टेकलं तरी टॅब त्याला दाबून धरणं समजत नाही. आयपॅडवर 'हॅप्टिक टच'मध्ये 'स्लो' निवडा.

आणखी काही, जे आधीच सांगायला हवं होतं. आयपॅडवर आयकॉन काढताना 'डिलीट ॲप' आणि 'रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन' हे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिल्याने ॲप आणि त्याची टॅबवरची माहिती जाते. पैसे भरून घेतलेली वर्गणी मात्र ॲप काढल्याने बंद होत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. डिसेबल करताना होम स्क्रीन चालवणाऱ्या ॲपला, कीबोर्डला आणि ज्याचं काम कळत नाही अशा कशालाही हात लावू नका. टॅब नोकरीच्या ठिकाणचा असेल तर काही आयकॉन तिथल्या व्यवस्थापकाने लावलेले असतात, ते तुमच्याकडून हलणारच नाहीत. आणि मोठ्या अपडेटनंतर ही सगळी बटणं एकदा तपासा. बाबांच्या टॅबवर आता अपडेट फक्त मी करते, त्यांच्या शेजारी बसून.

सेटिंग बदलण्याआधी एक करा. उद्या सकाळी होम स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या, दिवसभर नेहमीसारखा टॅब वापरा, पण पट्टीतला एकही आयकॉन हलवू नका, आणि रात्री दुसरा घ्या. दोन्ही घरच्यांसमोर शेजारी शेजारी ठेवा. वेळ वरच्या कोपऱ्यात छापलेली असते, वेगळी लिहावी लागत नाही.