वगळलेल्या फोल्डरमध्ये बॅकअप शिरतोच कशाला?

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, साधी फिरणारी हार्डडिस्क, त्यावर उबुंटू. वेबसाइटची कामं करतो, दहा-बारा प्रोजेक्ट आहेत. रोज रात्री बॅकअपची एक स्क्रिप्ट चालते, फाइंड कमांड फाइलींची यादी बनवते आणि ती यादी आरसिंकला (फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला) जाते. नोड मॉड्यूल्स फोल्डर (प्रोजेक्टला लागणारी, डाउनलोड केलेली पॅकेजेस यात असतात) वगळलेत, कॉपी होतात जेमतेम वीस-पंचवीस फाइली, तरी पाऊण तास जातो. स्क्रिप्ट सोबत पाठवतोय. डिस्क खराब होत चाललीय का? एसएसडी घेऊ का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : एसएसडी कधीतरी घ्याच, पण या त्रासापायी आत्ता पैसे घालू नका, कारण घोळ स्क्रिप्टच्या एका ओळीत आहे. फाइंडमध्ये तुम्ही नॉट आणि पाथ लावून नोड मॉड्यूल्स वगळलंय. त्याने होतं काय, तर त्या फोल्डरातल्या फाइली यादीत येत नाहीत, बस एवढंच. फाइंड आत जायचं ते जातंच, तळापर्यंत जातं, एकेक नाव वाचतं आणि मग सोडून देतं. लग्नाच्या पत्रिका वाटताना ज्या वाड्यात पत्रिका द्यायचीच नाही तिथल्या प्रत्येक खोलीचं दार वाजवून ‘तुम्हाला पत्रिका नाही हं’ सांगत फिरावं, तसं चाललंय ते.

आता हे महाग का पडतं बघा. फोल्डर उघडायचं म्हणजे आधी त्याचा आयनोड (फोल्डर डिस्कवर कुठे आहे वगैरेची नोंद) वाचायचा, मग आतली यादी वाचायची, आणि 5400 आरपीएमच्या डिस्कला एक फेरी मारायलाच 11 मिलीसेकंद लागतात. एका वाचनाला साधारण 10 मिलीसेकंद धरा, तुमच्या सगळ्या प्रोजेक्टचे मिळून 50 हजार फोल्डर धरा (नोड मॉड्यूल्सच्या बाबतीत हा आकडा काही फार नाही), तर 1 लाख वाचनं झाली, म्हणजे 1000 सेकंद, जवळपास 17 मिनिटं, आणि अजून एकही फाइल कॉपी झालेली नाही!

उपाय म्हणजे प्रून, फाइंडचाच ‘या फोल्डरात शिरू नको’ सांगणारा पर्याय. नाव नोड मॉड्यूल्स असेल तर प्रून, नाहीतर फाइल असेल तर प्रिंट, असं लिहायचं, मग फाइंड दारातूनच परत फिरतं. शेवटचं प्रिंट विसरू नका, नाहीतर वगळलेल्या फोल्डरचं नाव यादीत येतं आणि आरसिंक ते फोल्डर घेतं. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, या ओळीला डिलीट कधीही जोडू नका, कारण डिलीट आलं की डेप्थ (आधी आतलं सगळं, मग फोल्डर असा क्रम) आपोआप चालू होतं आणि डेप्थ चालू असताना प्रून काहीच करत नाही, म्हणजे जे वाचवायचं तेच उडायचं.

खरं तर मी म्हणेन ती यादीच काढून टाका. आरसिंकच्या एक्स्क्लूड या वगळण्याच्या पर्यायाला नुसतं नोड मॉड्यूल्स आणि शेवटी एक स्लॅश दिलात की ते कितीही खोल असलं तरी आरसिंक आत शिरत नाही. फक्त होमपासूनचा पूर्ण पाथ तिथे देऊ नका, बरेच जण इथेच फसतात. आरसिंकसाठी सुरुवातीचा स्लॅश म्हणजे तुम्ही जे फोल्डर कॉपी करायला दिलंय त्याचं मूळ, त्यामुळे पूर्ण पाथ जुळत नाही आणि सगळं गुपचूप कॉपी होत राहतं. आधी ड्राय रन (खरी कॉपी न करता नुसती तालीम) करून बघा.

बोर्ग हा बॅकअप प्रोग्राम वापरणाऱ्यांनीही लक्ष द्या, पॅटर्नच्या (काय घ्यायचं, काय वगळायचं याच्या) फाइलमध्ये वजाचं चिन्ह दिलं की फोल्डर वगळला जातो पण आत फिरणं चालूच राहतं, फिरणंही बंद करायला उद्गारचिन्ह लागतं.

वेळ मोजायची तर लॅपटॉप रीस्टार्ट करून मोजा. लागोपाठ दुसऱ्यांदा चालवलं की सगळं कॅशमधून, म्हणजे मेमरीत राहिलेल्या प्रतीतून येतं आणि उगाच वाटतं की जमलं. आणि पॅकेज लॉकची फाइल (कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती, याची नोंद) मात्र बॅकअपमध्ये हवीच हवी, तिच्यावरूनच नोड मॉड्यूल्स जसंच्या तसं पुन्हा उभं करता येतं.

प्रश्न : विंडोजवर बॅकअपसाठी रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरते. टेम्प फोल्डरच्या फाइली एक्सएफने वगळल्यात, तरी रात्रभर चालू असतं.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, एक्सएफ फाइलींसाठी असतं, ते लावलं तरी रोबोकॉपी फोल्डर चाळतंच. अख्खं फोल्डर नको असेल तर एक्सडी वापरा. पण रात्रभर म्हणताय म्हणून दुसरी शंका येतेय. एखादी फाइल उघडी असेल, आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल) वगैरे, तर रोबोकॉपी, वेगळं काही सांगितलं नसेल तर, 10 लाख वेळा पुन्हा प्रयत्न करतं, दर वेळी 30 सेकंद थांबून. कमांडच्या शेवटी आरला (किती वेळा पुन्हा प्रयत्न) 1 आणि डब्ल्यूला (किती सेकंद थांबायचं) 1 द्या, आणि बॅकअपच्या आधी आउटलुक बंद करा.