पुतण्याला कानात आवाज येतात, घरचे बाहेरचं लागलं म्हणतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय, पुतण्या २० वर्षांचा, यवतमाळजवळचं खेडं, महिनाभर धड झोप नाही, वहिनी देवऋषीकडे नेतात, गावची पोरं येडा म्हणून चिडवतात.

देवऋषी खरा की डॉक्टर, हा वाद आत्ता घरात काढूच नका. वाद मिटेस्तोवर पोरगा औषधाविना राहील, आणि आवाज ऐकू येण्याच्या या मानसिक आजारात उपचाराला जितका उशीर तितकं सावरणं अवघड. वहिनींना अंगारा लावायचा तर लावू द्या. मारझोड आणि साखळी मात्र बिलकुल नको. साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची मनाई आहे, भूत उतरवायच्या नावावर मारणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आजच १४४१६ वर फोन लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. मग यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी गाठा. झोप कधी उडाली, काय बोलतो, गांजा-दारू आहे का, हे कागदावर लिहून न्या. ताप, झटके किंवा एकाएकी भान हरपलं तर ओपीडीची वाट न पाहता १०८ बोलवा. त्याला फसवून नेऊ नका. 'झोपेचं औषध आणू' म्हणा, ते खरंच आहे.

गोळ्यांनी झोप थोड्या दिवसांत सुधारते, आवाज कमी व्हायला मात्र चार-सहा आठवडे लागू शकतात. घोटाळा इथेच होतो. कोणी आठवड्यात 'गुण नाही' म्हणून गोळी सोडतं, कोणी तीन महिन्यांनी 'बरा झाला' म्हणून, आणि आजार उलटतो. बरं वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं गोळी चालते. हात थरथरले, वजन वाढलं तर डॉक्टरला सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. मान किंवा डोळे एकदम वाकडे ओढले गेले तर त्याच दिवशी दवाखाना.

फवारणीचं औषध आजच घरातून हलवा, कुलपात ठेवा. आवाज 'मर' म्हणतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, तडक दवाखान्यात न्या.

आवाज खोटे आहेत म्हणून भांडू नका, होला होही करू नका. 'मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतो हे मला पटतं,' एवढं पुरे.

चिडवणाऱ्या पोरांना सांगा, हा मेंदूचा आजार आहे आणि असे बहुतेक रुग्ण कोणाला इजा करत नाहीत. त्यांच्यातला जवळचा एखादा दोस्त, पुतण्याला चालत असेल तर, पुढच्या तारखेला सोबत न्या. डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं तो पारावर सांगेल, त्याचं बाकीचे ऐकतील.