चिऱ्याच्या घरात स्पीकरचा आवाज घुमतो, काय करावं?

रत्नागिरीकडच्या तुमच्या घरात गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, खाली टाइल्स आणि दोन्ही स्पीकर कोपऱ्यांत. मग डग्गा घुमणार आणि गाण्याचे शब्द पुसट होणारच. कृपा करून नवीन अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका, आधी स्पीकर हलवा.

कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणा, बाजूच्या भिंतीपासून त्याहून थोडं जास्त. दोन्ही अंतरं सारखी ठेवू नका, नाहीतर ठरावीक सुरांच्या एकाच पट्ट्यातला आवाज दोन्हीकडून बिघडतो. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर देणारा छोटा भाग, तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथेही डग्गा फुगतो.

आता आरसा घ्या. तुम्ही खुर्चीत बसा, कुणाला तरी तो बाजूच्या भिंतीवर सरकवायला सांगा. जिथे त्यात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून कानावर येतो. त्या जागी पुस्तकांचं कपाट किंवा जाड गोधडी लावा आणि समोरच्या टाइल्सवर सतरंजी घाला. शब्द लगेच सुटे ऐकू येतील. वर कौलं असतील तर उत्तमच, उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसल्याने आवाज वर-खाली कमी आपटतो.

फक्त उघड्या खिडकीखाली स्पीकर नकोत. खाऱ्या वाऱ्याने वायरींची टोकं गंजतात, ती पावसाळ्यानंतर तपासा.