परभणीच्या भाऊंना: लेकीला बॅडमिंटनच्या सिंगल्ससाठी हैदराबादला पाठवायच्या आधी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी 12 वर्षांची, 13 वर्षांखालच्या गटात जिल्ह्यात पहिली आली, सर म्हणायलेत की आता हैदराबादच्या अकॅडमीत टाका नाहीतर उशीर होईल, आणि तुम्हाला कळेना की मुलींच्या सिंगल्समध्ये खरंच करियर होतं का. मी नांदेडची. माझी लेक 10 व्या वर्षापासून 19 पर्यंत सिंगल्स खेळली, राज्य स्पर्धांना तिच्यासोबत मीच फिरले, देवगिरी एक्सप्रेसमध्ये किती रात्री काढल्या त्याचा हिशोब नाही.

आधी हैदराबादचं बोलते. सायना आणि सिंधू तिथं घडल्या हे खरं आहे, पण त्या तिथं टाकलेल्या नव्हत्या, त्यांचं घरच तिथं होतं. सायनाचे वडील शेतकी संशोधनातले, नोकरीमुळं सगळं घर हिसारहून हैदराबादला आलं, पहाटे ते तिला स्कूटरवर लांबच्या स्टेडियमला न्यायचे आणि लेकरू झोपेत पडेल म्हणून आईसुद्धा मागं बसायची. सिंधूचे आईवडील दोघंही व्हॉलीबॉल खेळाडू, ती रोज सिकंदराबादकडून गच्चीबावलीच्या अकॅडमीपर्यंत जाऊन येऊन करायची. तुमच्या परभणीतही कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या कुणाची बदली झाली की अख्खं बिऱ्हाड हलतं, तसंच ते होतं. म्हणून अकॅडमीची फी विचारायच्या आधी घरात बसून हे ठरवा की तिकडं लेकरासोबत राहणार कोण. तुमच्यापैकी एकाला जाता येत असेल तर विचार करा, येत नसेल तर 12 व्या वर्षी हॉस्टेलवर एकटी पाठवू नका असं मी स्पष्ट सांगते.

दुसरं, जिल्ह्याची स्पर्धा नायलॉनच्या शटलवर झाली का पिसाच्या? आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी खर्च वाचवायला नायलॉनवरच खेळवतात, आणि मग पोरगी राज्याला गेली की पिसाचं शटल मारल्यावर सुसाट जातं आणि शेवटी एकदम मंदावून सरळ खाली पडतं, तिचा सगळा अंदाज चुकतो. माझ्या लेकीचं पहिल्या वर्षी हेच झालं, पहिल्याच फेरीत हरली आणि आम्ही समजलो की पोरगी घाबरली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये हवा इतकी तापलेली असते की शटल जास्त पळतं, तेव्हा 77 च्या ऐवजी 76 किंवा 75 स्पीडचं, म्हणजे हळू पळणारं, घ्यावं लागतं, आणि कोरड्या हवेत पिसं तुटतात म्हणून डब्याला आदल्या दिवशी थोडी वाफ द्यावी लागते. हे सगळं परभणीत राहून शिकता येतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे गुडघे. सिंगल्सचं कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 5.18 मीटर रुंद, त्यात एकटीनं चारी कोपरे धरायचे. उजव्या हाताची पोरगी मागच्या डाव्या कोपऱ्यात डोक्यावरून मारते तेव्हा उतरताना सगळा भार डाव्या पायावर येतो, आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटतं ते बऱ्याचदा तिथंच. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. स्पेनच्या ऑलिंपिक विजेत्या कॅरोलिना मारिनचे गुडघे तीनदा गेले, 2019, 2021 आणि मग 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये, पुढं असताना. सायना 2016 च्या रिओ ऑलिंपिकला दुखऱ्या गुडघ्यावर उतरली, गटातच हरली आणि परत येऊन ऑपरेशन करावं लागलं. त्यांच्यामागं फिजिओची फौज होती, आपल्या लेकरामागं कोण आहे? माझी लेक 14 ची असताना शहाबादी फरशीवर खेळायची, गुडघा दुखतो म्हणाली, तिथले सर म्हणाले चालतंय, वाढीचं वय आहे, आणि मी त्यांचं ऐकलं. चार महिने तशीच खेळली. नंतर दीड वर्ष गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमच्या हॉलला लाकूड किंवा मॅट नसेल तर आठवड्याचे दिवस कमी करा, पण फरशीवर उड्या मारू देऊ नका, आणि मांड्या-कमरेचा व्यायाम चालू करा. पाळी सुरू झाली की वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा, दमते म्हणजे आळशी आहे असं म्हणणारे सर मी खूप पाहिले.

आता करियरचं. जागतिक रँकिंग 52 आठवड्यांतल्या सगळ्यात चांगल्या 10 स्पर्धांवर ठरतं, म्हणजे वर्षभर परदेशी हिंडायचं आणि सुरुवातीला तिकीट, हॉटेल स्वतःच्या खिशातून. सिंगल्स जिंकणारीला स्पर्धेच्या एकूण बक्षिसातले साधारण 7 ते 7.5 टक्के मिळतात, म्हणजे एकूण 2 लाख डॉलर असतील तर 15 हजारांच्या आसपास, आणि पहिल्या फेरीत हरलं की जवळजवळ काहीच नाही. त्या पैशावर जगणाऱ्या थोड्याच असतात, बाकीच्या जगतात त्या नोकरीवर, रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, राज्य सरकारचं 5 टक्के खेळाडू आरक्षण. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपा आणि शाळा सोडवू नका. लातूर पॅटर्नवाले नातेवाईक नववीत गेल्यावर म्हणतील की आता रॅकेट ठेव, त्यांनाही घाबरू नका, सकाळी खेळून दहावी होते.

आणि उशीर होईल या भीतीबद्दल. सिंधूनं 2017 ची जागतिक फायनल 110 मिनिटं खेळून जपानच्या ओकुहाराकडं गमावली, 2018 चीही मारिनकडं गमावली, आणि 2019 ला बासेलमध्ये त्याच ओकुहाराला 21-7, 21-7 असं 38 मिनिटांत हरवलं, तेव्हा ती 24 ची होती. नागपूरच्या मालविका बनसोडनं जानेवारी 2022 ला दिल्लीत सायनाला सरळ दोन गेममध्ये हरवलं, ती 20 ची होती. तुमची 12 ची आहे. मी तुमच्या जागी असते तर 14-15 पर्यंत परभणीतच ठेवलं असतं, महिन्यातून दोनदा संभाजीनगरला मोठ्या पोरींसोबत मॅच खेळायला नेलं असतं, आणि तिला 15 व्या वर्षीही स्वतःहून पहाटे उठावंसं वाटत असेल तर मग घरातल्या एकानं तिच्याबरोबर जायचं.

आज रात्री सर जवळ नसताना तिला एकटीला विचारा की गुडघा किंवा टाच दुखते का. हो म्हणाली तर मला लिहा, आम्ही दाखवलेल्या डॉक्टरांचं नाव देते.